भरती-ओहोटीच्या नदीत शिडाच्या होडीची शर्यत: तळ्यात शिकलेल्याला नवीन काय शिकावं लागेल?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. बडोद्याहून लिहितोय. शिडाची होडी भोपाळच्या मोठ्या तलावावर शिकलो, लेझर (एकट्याची होडी) आणि एंटरप्राइझ (दोघांची) दोन्ही. टॅक (नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्यातून फिरवून वळणं), जाइब (पाठ वाऱ्यातून फिरवून वळणं), त्रिकोणी कोर्स, पाच मिनिटांचा स्टार्ट हे सगळं अंगवळणी आहे, पण पाणी कायम जागच्या जागी. आता नोकरीनिमित्त दोन वर्षं लंडनला मुक्काम आहे आणि थेम्सवरच्या एखाद्या क्लबात शर्यती खेळायच्या आहेत. तिथे पाणी दर सहा तासांनी दिशा बदलतं म्हणे.

विचारायचं ते असं. शर्यतीची वेळ कशी ठरते? पाणी वाहत असताना स्टार्टला आणि बोईला (वळणाच्या तरंगत्या खुणेला) नेमकं काय चुकतं? नांगर टाकून शर्यत खेळतात हे खरं का? होडी कोणती घ्यावी? आणि जाण्याआधी सरावासाठी आपल्याच महीच्या मुखाशी, कावी-कंबोईकडे, किंवा भरूचला नर्मदेत होडी टाकली तर? माहीतगारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही.

सुकाणूधर

आधी क्लबाचा पत्ता नकाशावर बघा. थेम्सला भरती फक्त टेडिंग्टनच्या लॉकपर्यंत येते. त्याच्या वर, सर्बिटनचा १८७० सालचा थेम्स सेलिंग क्लब वगैरे, पाणी एकाच दिशेला वाहतं आणि वेळापत्रक माणसांच्या सोयीने चालतं. खाली हॅमरस्मिथ, पटनी, ग्रिनिच, एरिथ, ही भरतीची नदी. रिचमंडला १८९४ सालचा अर्ध्या भरतीचा बांध आहे, ओहोटीत त्याची दारं खाली सोडतात, म्हणून रिचमंड ते टेडिंग्टन या टप्प्यात पाणी निम्म्या भरतीखाली जात नाही. पटनीला तसं काही नाही, तिथे ओहोटीला धक्क्याखाली दगडगोटे आणि चिखल उघडा पडतो.

वेळेचं म्हणाल तर आपल्याकडचा कोळ्यांचा हिशेब इथेही चालतो. तिथीला पाऊणने गुणायचं की मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे ढोबळ बारा. लंडन ब्रिजसाठी त्यात साधारण दोन तास मिळवा. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी (आणि रात्री) दोन-तीनच्या सुमारास, अष्टमीला सकाळ-संध्याकाळ आठच्या सुमारास. पटनीला लंडन ब्रिजनंतर साधारण अर्धा तास, रिचमंडला तासभर. हा फक्त तोंडी अंदाज. शर्यतीला छापील तक्ता लागतोच, आणि तक्ता हातात आला की पहिल्यांदा बघायचं ते हे की वेळा जीएमटीत आहेत की उन्हाळी वेळेत. नवा माणूस इथे हमखास एक तास चुकतो आणि पाणी उतरल्यावर धक्क्यावर पोचतो.

याचा परिणाम कॅलेंडरवर बघा. एका शनिवारी उधाण (सर्वांत मोठी भरती) असेल तर दुपारी भरपूर पाणी. पुढच्या शनिवारी भांग (सर्वांत छोटी भरती), म्हणजे भरती सकाळी आठ-नऊला आणि दुपारी ऐन ओहोटी. म्हणून भरतीच्या नदीवरच्या क्लबाच्या वार्षिक कार्डावर शर्यतीची वेळ दर आठवड्याला वेगळी छापलेली असते, कधी सकाळी दहा, कधी दुपारी तीन. ती वाचून गोंधळ वाटला तर तिथीशी ताडून बघा, लगेच उलगडते. उधाण नेमकं तिथीला नसतं, एक-दोन दिवसांनी येतं, हेही धरा.

सहा तास चढ, सहा तास उतार हे समुद्राचं झालं. नदीत आत गेलं की भरती आखूड आणि जोरदार, ओहोटी लांबलचक. पटनीच्या बाजूला भरती पाचेक तास आणि ओहोटी सातेक. वर पाऊस झाला असेल तर ओहोटी आणखी लांबते. आणि पाणी सर्वांत उंच झालं की प्रवाह त्याच क्षणी उलटला असं नाही. धक्क्यावरच्या मापाकडे बघू नका, नांगरलेल्या होड्यांची नाळ कुठे वळली ते बघा. नाळ नेहमी येणाऱ्या पाण्याकडे असते.

आता मुख्य गोष्ट. पाणी सगळीकडे सारखं वाहत असेल तर कोणाचाच फायदा नाही, कोणाचा तोटाही नाही. शर्यत जिंकली जाते ती पाणी कुठे जोरात आणि कुठे मंद आहे हे ओळखून. वळणावर बाहेरच्या काठाला पाणी खोल आणि वेगवान, आतल्या काठाला उथळ आणि संथ. प्रवाहाविरुद्ध जाताना आतला काठ धरा, प्रवाहाबरोबर जाताना मध्यधार किंवा बाहेरचं वळण. पुलाच्या खांबामागे, धक्क्याच्या कोपऱ्यामागे पाणी उलटं फिरतं, तिथे दोन होड्यांइतकी फुकटची बढत मिळते. भरती-ओहोटी बदलताना पाणी आधी काठालगत वळतं, मध्यधार नंतर. त्या दहा-पंधरा मिनिटांत काठाजवळ असणारा माणूस पुढच्या सगळ्यांना मागे टाकतो. गंमत म्हणजे बाकीच्यांना वाटतं त्याला वारा लागला.

किती प्रवाह झेपेल याचा ढोबळ हिशेब. एंटरप्राइझसारखी होडी मध्यम वाऱ्यात वाऱ्याविरुद्ध नागमोडी जाताना पाण्यातून ४ नॉट (तासाला ४ सागरी मैल) धावते, पण ४५ अंशांचा कोन धरला तर सरळ रेषेत पुढे सरकते जेमतेम २.८ नॉट. समोरून ३ नॉट पाणी असेल तर होडी झोकात धावतेय, शीड भरलेलं आहे, नाळेला फेस आहे, आणि काठावरचं झाड मात्र हळूहळू पुढे जातंय. उधाणाला थेम्सच्या मध्यधारेत ३ नॉट नवलाचे नाहीत. म्हणून काठ.

वाऱ्याचंही तसंच. वारा ४ नॉट आणि पाणी तुम्हाला २ नॉटने वाऱ्याच्या तोंडावर नेत असेल तर शिडाला ६ नॉट लागतात, होडी जिवंत वाटते. पाणी वाऱ्याच्याच दिशेने असेल तर शिडाला उरतात २. एकाच दुपारी, त्याच वाऱ्यात, भरती उलटल्यावर होडी मेल्यासारखी का झाली याचं कारण हे असतं. शीट (शीड ओढायचा दोर) उगाच ओढत बसू नका.

पाणकोंबडा

सुकाणूधर यांनी छान लिहिलंय. एक भर: वाऱ्याविरुद्ध जाताना थोडं जास्त वर (वाऱ्याच्या तोंडाकडे) धरलं, म्हणजे प्रवाह नाळेच्या खालच्या बाजूला लागेल असं, तर पाणी होडीला वाऱ्याकडे ढकलतं. याला ली-बो म्हणतात. नदीत हा डाव फार उपयोगी.

सुकाणूधर

नाही हो, हा समज सगळ्या क्लबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि चूक आहे. होडी पाण्यात आहे, काठावर नाही. चालत्या रेल्वेच्या डब्यात तुम्ही तिरके चाललात म्हणून गाडी तुम्हाला जास्त जोरात नेत नाही. प्रवाह सारखा असेल तर तो नाळेच्या कुठल्याच बाजूला ‘लागत’ नाही, तो अख्खी होडी, तिच्याभोवतीचं पाणी आणि शेजारचा प्रतिस्पर्धी सगळ्यांना एकत्र उचलून नेतो. वर धरून वेग फक्त कमी होतो, आणि वेग कमी झाला की सेंटरबोर्डची (तळातून खाली सोडलेल्या उभ्या फळीची) पकड सुटून होडी बाजूला घसरते.

डावामागे खरं असेल तर एवढंच: प्रवाह जागेनुसार किंवा वेळेनुसार बदलणार असेल तर कोणता टॅक (डावी की उजवी तिरकी चाल) आधी घ्यायचा हे महत्त्वाचं. पण ती निवड टॅकची, पिंचिंगची (जास्त वर धरण्याची) नव्हे.

घड्याळमास्तर

स्टार्ट आणि बोईबद्दल मी लिहितो.

नदीत स्टार्टची रेषा बहुधा क्लबाच्या गच्चीवरून घेतात. मागचा खांब आणि पुढचा खांब एका रेषेत दिसले की ती रेषा नदीपार गेली असं समजायचं. समोर एक बोई मर्यादेसाठी असते. सिग्नल तुम्हाला माहीत आहेत: पाचला क्लासचा (होडीच्या प्रकाराचा) झेंडा, चारला तयारीचा, एकला तो खाली, शून्याला स्टार्ट. फरक पाण्याचा. पाणी रेषेवर ढकलत असेल तर तळ्यातल्या सवयीने रेषेजवळ शीट सोडून उभं राहिलात की संपलं. २ नॉट पाणी म्हणजे सेकंदाला एक मीटर. शेवटच्या मिनिटात तुम्ही न हलता ६० मीटर पुढे. आणि रेषा ओलांडून गेलात तर प्रवाहाविरुद्ध परत यायला पाच मिनिटं लागतात, तोवर बाकीचे पहिल्या बोईला. अशा वेळी रेषेच्या बऱ्याच मागे, काठालगतच्या संथ पाण्यात थांबायचं आणि उशिरा निघायचं. उलट पाणी मागे ढकलत असेल तर रेषेला चिकटूनच राहायचं. त्या दिवशी अर्धा ताफा गन वाजताना तीस मीटर मागे असतो, त्यात तुम्ही नसलात की झालं.

स्टार्टआधी दहा मिनिटं हे करा: रेषेजवळच्या एखाद्या स्थिर खुणेपाशी, मुक्काम बोई (होड्या बांधायची कायमची बोई) असेल तर उत्तम, शीट सोडून होडी वाहू द्या आणि एक मिनिटात किती होडीलांब्या वाहिली ते मोजा. एंटरप्राइझ चार मीटरची आहे. पंधरा लांब्या म्हणजे मिनिटाला साठ मीटर, म्हणजे २ नॉट. मग तेच काठाजवळ करा. दोन आकडे हातात आले की कोणत्या टोकाने निघायचं ते आपोआप कळतं.

बोईला चुका दोन प्रकारच्या. पहिली, ले-लाइन, म्हणजे जिथे टॅक घेतला की थेट बोई गाठता येते ती रेषा. प्रवाह तुम्हाला बोईपासून दूर नेत असेल तर तळ्यात जिथे टॅक घेतला असता त्याच्या बरंच पुढे जाऊन घ्या. बोईकडे नेत असेल तर आधीच. डोळ्याने अंदाज लागत नाही, खूण लागते. बोईमागे काठावर एक झाड किंवा चिमणी धरा. बोई आणि झाड एकाच रेषेत राहिले तर तुम्ही खरोखर बोईकडे चाललायत. बोई झाडापुढून एका बाजूला सरकू लागली की तुम्ही वाहताय, मग नाळ कुठेही रोखलेली असो.

दुसरी चूक, बोईच्या वरच्या अंगाने (जिकडून पाणी येतं त्या बाजूने) घासून वळणं. तळ्यात हात लावता येईल इतक्या जवळून वळणं म्हणजे कौशल्य, इथे मूर्खपणा. पाणी होडीला बोईवर आणून आपटतं, सेंटरबोर्ड बोईच्या दोरात अडकतो, आणि शर्यतीच्या नियमावलीतल्या नियम ३१ प्रमाणे एक फेरा घ्यावा लागतो. तो फेरा घेतानाच प्रवाह तुम्हाला परत त्याच बोईवर आणतो. एका बोईवर लागोपाठ तीनदा शिक्षा घेणारी होडी हे या नद्यांवरचं नेहमीचं करमणुकीचं दृश्य. वरच्या अंगाने वळताना दोन होडीलांब्या सोडा.

काठालगत टॅक घेत जाताना नियम २० सतत लागतो, तो पाठच करा. काठ हा अडथळा आहे. तुम्ही काठाच्या बाजूला, बाहेरून दुसरी होडी, दोघांचा टॅक एकच. पुढे चिखल. तुम्ही वळायला जागा मागायची, मोठ्याने, ‘रूम टू टॅक’. समोरच्याने लगेच टॅक घ्यायचा किंवा ‘यू टॅक’ म्हणून तुम्हाला वळू द्यायचं. त्याने टॅक घेतला की तुम्हीही ताबडतोब घ्यायचा, जागा मागून तसंच पुढे जायचं नाही. आणि गरज नसताना ओरडणं हाही नियमभंगच, बरेच जण समोरच्याला पळवायला हाक देतात. मागून येऊन काठ आणि पुढची होडी यांच्या फटीत नाळ घालणाऱ्याला, ती फट त्या क्षणी पुरेशी नसेल, तर नियम १९ जागा देत नाही. तिथे हट्ट केला तर सुकाणूचं पातं चिखलात जातं आणि पिन तुटते.

आयोजकांसाठीही एक. तळ्यातली बोई नदीत टिकत नाही. दोर ऐन भरतीच्या खोलीला पुरेल एवढा हवा, आणि मग ओहोटीला तोच दोर सैल पडून बोई मोठ्या वर्तुळात फिरते, सुटा दोर पाण्याच्या वर तरंगतो आणि येणाऱ्या होड्यांची सुकाणू पकडतो. उपाय सोपा: बोईखाली दीड-दोन मीटरवर दोराला एक-दोन किलोचं वजन बांधा. दोर सरळ खाली उभा राहतो.

दांडियाबाजारकर

मास्तर, डोळे उघडले. नांगराचं राहिलं. आणि होडीचं.

घड्याळमास्तर

नांगर टाकता येतो. नियम ४५ स्पष्ट आहे: तयारीच्या सिग्नलनंतर होडी बांधून ठेवता येत नाही, पण नांगर टाकता येतो, माणसाला तळावर उभंही राहता येतं. निघताना नांगर काढून घ्यायचा, काढणं शक्यच नसेल तेवढं सोडून. मेख पुढे आहे. दोर ओढून नांगर काढताना तुम्ही जिथे तो टाकला होता तिथवर आलात तर चालतं. दोर जोरात ओढून त्या जागेच्या पुढे झेप घेतलीत तर ते नियम ४२ चं उल्लंघन, म्हणजे शिडाशिवाय होडी चालवणं.

वारा पडला आणि पाणी मागे नेऊ लागलं की नांगर टाकणारा पहिला माणूस जिंकतो. बाकीचे वाहत मागे जातात, तुम्ही नुसते उभे राहून त्यांना हरवता. कसलेले लोक नांगर ताफ्याच्या विरुद्ध बाजूने, आवाज न करता, हाताने खाली सोडतात, शीड भरलेलंच ठेवतात, आणि चेहरा असा ठेवतात जणू होडी चालतेय. शेजाऱ्याला कळेपर्यंत तो शंभर मीटर मागे.

छोट्या होडीला दीड ते तीन किलोचा घडीचा नांगर, दोन मीटर साखळी, वर ८ मिलिमीटरचा २५-३० मीटर दोर. दोर बादलीत वेटोळा घालून ठेवा आणि आतलं टोक डोलकाठीच्या पायाला बांधलेलं आहे ना ते निघण्याआधी बघा. न बांधलेल्या दोरासकट नांगर पाण्यात जाणं हे सगळ्या क्लबांत घडतं. टाकायचा नेहमी नाळेवरून. मागून टाकला तर वेगाचं पाणी मागच्या सपाट फळीवर चढतं आणि होडी भरते.

होडीचा प्रश्न हँडिकॅपवाल्यांना (होडीच्या वेगाप्रमाणे वेळ दुरुस्त करणाऱ्यांना).

पॉइंटवाली

मी देते उत्तर. इंग्लंडमधले क्लब वेगवेगळ्या होड्या एकत्र सोडतात आणि पोर्ट्समथ यार्डस्टिकने वेळ दुरुस्त करतात: लागलेला वेळ गुणिले १०००, भागिले होडीचा आकडा. लेझरचा आकडा ११०० च्या आसपास, एंटरप्राइझचा ११२० च्या. लेझर ६० मिनिटांत आली, ३६०० सेकंद, दुरुस्त वेळ ३२७३. एंटरप्राइझ एक मिनिट मागे, ३६६० सेकंद, दुरुस्त वेळ ३२६८. एंटरप्राइझ पाच सेकंदांनी पुढे.

आता हे गणित नदीत कुठे फसतं ते बघा. एक होडी पाण्यातून ४ नॉट, दुसरी ३. साचलेल्या पाण्यात एक मैल जाऊन एक मैल परत: पहिलीला ३० मिनिटं, दुसरीला ४०. प्रमाण १.३३. आता प्रवाह २ नॉट. पहिली विरुद्ध दिशेला २ नॉटने ३० मिनिटं, परत ६ नॉटने १०, एकूण ४०. दुसरी विरुद्ध दिशेला १ नॉटने ६० मिनिटं, परत ५ नॉटने १२, एकूण ७२. प्रमाण १.८. हँडिकॅपला हे माहीतच नाही. त्यामुळे भरतीच्या नदीत, विशेषतः उधाणाच्या दिवशी, मंद होडीला आकडा कितीही दयाळू असला तरी ती मार खाते. म्हणून शहाणे क्लब शर्यतीचा काळ पाणी वळण्याच्या दोन्ही बाजूंना पसरवतात, किंवा एकाच क्लासची वेगळी शर्यत ठेवतात.

तुम्हाला माझा सल्ला: विकत काही घेऊ नका. आधी क्लबात कोणत्या क्लासचा ताफा मोठा आहे ते विचारा आणि त्यातल्या कोणाचा तरी क्रू (होडीतला जोडीदार) बना. एंटरप्राइझला दोन माणसं लागतात आणि क्रू मिळत नाही ही तिच्या प्रत्येक निळ्या शिडाच्या मालकाची रड असते, तुम्हाला लगेच घेतील. नदी वाचायला शिकायची असेल तर नदी माहीत असलेल्याच्या होडीत पुढे बसणं यापेक्षा स्वस्त शाळा नाही. वर्षभराने लेझर घ्या, शीड आवडीप्रमाणे. पूर्ण शीड ७.०६ चौरस मीटर, ६५ किलोच्या आतबाहेर असाल तर ५.७६ चं घ्या. अरुंद नदीत झाडांमागून झोत येतात, त्यात मोठं शीड सांभाळत बसण्यात अर्थ नाही.

भरतीचा डावपेच शुद्ध स्वरूपात बघायचा असेल तर नॉरफकची थ्री रिव्हर्स रेस बघायला जा. हॉर्निंग सेलिंग क्लब घेतो, १९६१ पासून. वेळ २४ तास, नद्या ब्युअर, अँट आणि थर्न, आणि बोया कोणत्या क्रमाने घ्यायच्या ते ज्याने त्याने ठरवायचं. म्हणजे अख्खी शर्यत भरतीच्या तक्त्यावर बेतलेली. वर पुलांखाली डोलकाठी आडवी करावी लागते. पॉटर हायमच्या जुन्या कमानीखाली जागा जेमतेम दोन मीटर, तीही भरती जास्त असेल तर आणखी कमी. चालत्या प्रवाहात, शीड उतरवून, काठी खाली, पुलाखालून वल्ह्याने किंवा नुसत्या गतीवर, पलीकडे पुन्हा काठी उभी. सराव केलेली जोडी हे दोन-तीन मिनिटांत करते, न केलेली पुलाला आडवी लागते.

महीकाठ

शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, आणि उत्तर ‘नाही’ असं आहे.

कावी-कंबोईचं स्तंभेश्वराचं मंदिर बघितलंच असेल. भरतीला शिवलिंग पाण्याखाली, ओहोटीला दर्शन, रोज दोनदा. लोक हौसेने बघायला जातात, पण होडीवाल्याने ते वेगळ्या नजरेने बघावं. खंभातच्या आखातात उधाणाला चढ-उतार १० मीटरच्या घरात जातो, जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. बारा भागांचा ढोबळ नियम लावा: सहा तासांत पाणी १, २, ३, ३, २, १ अशा भागांनी चढतं. १० मीटरचे तिसऱ्या आणि चौथ्या तासाला अडीच-अडीच मीटर. मिनिटाला चार सेंटीमीटर उंची. आणि किनारा जवळजवळ सपाट: शंभराला एक उतार धरला तर पाण्याची कड मिनिटाला चार मीटर आत येते. चिखलात गुडघाभर रुतलेला माणूस मिनिटाला चार मीटर चालू शकत नाही.

प्रवाह ५-६ नॉटच्या पुढे जातो. वर सुकाणूधरांनी दाखवलंय की चांगली होडी सरळ रेषेत २.८ नॉट सरकते. म्हणजे इथे होडी चालवायची नाही, फक्त वाहायची. उधाणाला महीच्या मुखातून पाण्याची भिंत आत शिरते तेव्हा उथळ पाण्यात उभी लाट असते. तिथे सुरक्षा बोटही मदत करू शकत नाही. मुंबईचा तिथीचा हिशेबही इथे लावू नका, आखाताच्या टोकाला भरती मुंबईपेक्षा कित्येक तास उशिरा येते. वेळा हव्याच असतील तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा छापील तक्ता बघा.

भरूचला नर्मदा थोडी सौम्य, पण तिथेही उथळ वाळूचे पट्टे सरकत असतात, आणि खाली भाडभूतला बंधाऱ्याचं काम आहे. विश्वामित्रीचं नाव कोणी काढणार नाहीच, मगरींनी भरलेली आहे. आजव्याला पाणी छान पण ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, आणि तिथेही मगरी आहेत. हरणीच्या २०२४ च्या होडी-दुर्घटनेनंतर शहरातल्या कुठल्याही तलावावर परवानगीशिवाय होडी टाकायचा विचारही करू नका.

भरतीचा खरा सराव हवा असेल तर मुंबईचं बंदर, पाऊस सोडून, किंवा गोव्यात मांडवी. मांडवीत चढ-उतार दोनेक मीटर, प्रवाह शिकण्याजोगा, चुकलात तर जीवावर बेतत नाही. आठवडाभर पुरे.

पाणकोंबडा

ली-बोवर हार मान्य. त्याच्या बदल्यात क्लबाच्या रोजच्या व्यवहाराबद्दल लिहितो, त्यावर कोणी बोललं नाही.

हे क्लब नोकरांवर चालत नाहीत. वर्गणीबरोबर पाळ्या येतात, वर्षातून दोन-तीन. एक पाळी शर्यत अधिकाऱ्याची किंवा त्याच्या मदतनिसाची: झेंडे, हॉर्न, प्रत्येक होडीचा फेरा आणि वेळ लिहिणं. एक सुरक्षा बोटीची. एक स्वयंपाकघराची, म्हणजे चहा, केक, सूप. पाळी चुकवणं हा तिथला सर्वांत मोठा गुन्हा, शर्यतीत शेवटचे आलात तर कोणी काही म्हणत नाही. बदली स्वतः शोधायची आणि फळ्यावर लिहायची. (चहाच्या पाळीला सेवउसळ केलीत तर पुढची पाच वर्षं नाव निघेल, तिखट मात्र निम्मं टाका.)

ज्या दिवशी तुमची अधिकारीपाळी असेल त्या दिवशीची शर्यत बुडते. बहुतेक मालिकांत त्याचे सरासरी गुण देतात, पण ते मागावे लागतात, आपोआप मिळत नाहीत. गुण साधे: पहिल्याला १, दुसऱ्याला २, न संपवणाऱ्याला एकूण होड्यांपेक्षा एक जास्त. सर्वांत वाईट निकाल सोडून देतात. ज्याचे गुण कमी तो जिंकला. किती निकाल सोडायचे ते मालिकेच्या सूचनेत असतं, पहिल्याच दिवशी वाचा.

होडी ठेवायच्या जागेला नंबर असतो. भरतीच्या नदीकाठी सखल नंबर कमी भाड्यात मिळतो आणि नवा माणूस खुशीने घेतो. उधाणाला पाणी तिथे येतं. पटनीच्या काठावर तर रस्त्यावर लावलेल्या मोटारी उधाणात नेमाने बुडतात, दर काही महिन्यांनी कोणी तरी नवा मालक काठावर उभा राहून बघत असतो. होडी ट्रॉलीला आणि ट्रॉली जमिनीतल्या कडीला बांधा, फक्त होडी बांधून उपयोग नाही.

पाण्यात पडल्यावरचं. अंगावर ५० न्यूटनचं बॉयन्सी एड, शिट्टी, सुरी. नांगरलेल्या मोठ्या नावांच्या वरच्या अंगाने, वारा पडलेला असताना, कधीही जाऊ नका. प्रवाह होडीला तिच्या नाळेवर दाबतो आणि खाली ओढतो, सगळ्यात वाईट अपघात यातूनच होतात. नेहमी खालच्या अंगाने, म्हणजे ती तुमच्या वरच्या बाजूला राहील असं. उथळ पाण्यात होडी उलटी झाली तर काठीचं टोक चिखलात रुतून बसतं आणि प्रवाह होडीला काठीभोवती फिरवतो. तेव्हा तळावर चढून जोर करू नका, काठी वाकते. सुरक्षा बोटीने नाळ धरून प्रवाहाकडे वळवली की टोक सुटतं. टोकाला फुगा बांधला तर हा प्रसंगच येत नाही.

आणि घरी आल्यावर हात धुवा. नदीच्या पाण्यात उंदरांच्या मुताने पसरणारा लेप्टोस्पायरोसिस असतो, ओरखडे आधीच वॉटरप्रूफ पट्टीने झाका. होडीही गोड्या पाण्याने धुवा, मुख्यतः सेंटरबोर्डची फट आणि तळातला सेल्फ-बेलर (पाणी आपोआप बाहेर काढणारी झडप). गाळ वाळला की दोन्ही सिमेंटसारखे घट्ट होतात आणि पुढच्या शनिवारी स्टार्टला चार मिनिटं असताना बोर्ड खाली जात नाही.

दांडियाबाजारकर

सगळ्यांचे आभार, मांडवीचं तिकीट काढतो. एक बारकी शंका: ओहोटीला धक्का संपल्यावर चिखलात उतरावं लागलं तर पायात काय?

महीकाठ

घोट्याच्या वर घट्ट बसणारे निओप्रिनचे बूट. गमबूट नको, चिखलात पाय वर येतो आणि बूट खाली राहतो. आणि शक्यतो उतरूच नका. होडीत बसून राहा, वल्ह्याने धक्क्याच्या टोकाशी या, नाही जमलं तर नांगर टाकून भरतीची वाट बघा. थर्मासमध्ये चहा ठेवा, दोन तास लागतात.